बाबांचं पाचवं शील

आमच्या ह्वे शहरात माणूस गेल्यावरही त्याला पंचशील देता येतं. भंते एकेक शील विचारतात आणि गेलेला माणूस दोन नाण्यांनी उत्तर देतो. नाण्यांची एक बाजू चुन्याने पांढरी केलेली असते. एक पांढरं, एक काळं पडलं की होकार; दोन्ही काळी पडली की नकार.

बाबा जन्मभर विहाराच्या दारात लोकांच्या मोटारसायकली राखत बसले. आत कधी आले नाहीत. आमच्या भाषेत शीलही राखतात, गाड्या राखतात तसंच. "दोन्ही राखायला मला वेळ नाही," ते म्हणायचे. आधीच गेलेल्या आईच्या नावाची पाटी मात्र आत सभागृहात होती. बाबांची तिच्या शेजारी लागावी, एवढंच मला हवं होतं. पण त्या भिंतीवर जागा पाचही शीलं घेतलेल्यांनाच.

"हिंसा न करण्याचं शील राखाल?" भंतेंनी फोटोला विचारलं. मी नाणी बशीत टाकली. होकार. चोरी न करणं, होकार. व्यभिचाराच्या शीलाला आत्या पुटपुटली, "आता याला विचारतंय कोण!" होकार. खोटं न बोलणं. तिथेही होकार.

"हा? खोटं बोलणार नाही?" आत्याला हसू आवरेना. "गळाला लागलेली बोटभर मासळी हातभर सांगायचा!"

पाचवं शील दारूचं. दोन्ही नाणी काळी पडली. पुन्हा टाकली, पुन्हा काळी. मग दोन्ही पांढरी, म्हणजे गेलेला माणूस हसतोय.

"दादा, हो म्हण की रे!" आत्या फोटोवर ओरडली. "तिकडे कुठे मिळणार आहे तुला?"

"त्यांचाही इलाज नाही," भंते म्हणाले. "चौथं शील आत्ताच घेतलंय. खोटं कसं बोलतील?"

मी परत नाणी टाकली. एक बशीत काळं पडलं, दुसरं घरंगळत वेदीखाली गेलं. मी रांगत आत शिरले. तेही काळंच होतं. अंगठ्याने नुसतं उलटवायचं होतं.

"न्यान, पांढरंच आहे ना गं?" वरून आत्या. "पांढरंच असणार!"

बाबा खरं बोलत होते. मी बाहेर आले. "काळं," म्हणाले.

भंतेंनी सुस्कारा सोडला. "चार शीलांचाही उपासक असतो. पण पाटी ओसरीवर लागेल."

"मग आईला विचारा," मी म्हणाले. "बाहेर येतेस का म्हणून."

पहिल्याच फेकीत एक पांढरं, एक काळं.

"विचार करायलासुद्धा थांबली नाही बया," आत्या म्हणाली आणि पदर नसल्यामुळे बाहीने डोळे पुसले.

आता दोघांच्या पाट्या ओसरीवर आहेत. तिथून गाड्यांची सगळी रांग दिसते. आत्याने पाट्यांपुढे भाताच्या दारूचा पेला ठेवला. दुपारी तो अर्धा झालेला होता.

"ऊन कडक आहे," भंते म्हणाले. ते खोटं बोलत नाहीत.