दोरी सोडायची नाही

मी दोरी बोलतेय, पण कपडे वाळत घालायची नव्हे आणि गुरं बांधायची तर मुळीच नव्हे. हा खुलासा आधीच केलेला बरा, कारण रस्त्यावरची माणसं मला बघून नको ते मनात आणतात. मी माणसांनी धरायची दोरी आहे. माझ्या अंगावर थोड्या थोड्या अंतराने रंगीत कापडाच्या मुठी शिवल्या आहेत आणि प्रत्येक मूठ एकेका माणसाची ठरलेली आहे.

तशी मी तंबूचे खांब ताणून धरायला जन्मले. दुकानाच्या कोपऱ्यात वेटोळं घालून पडले होते, तेव्हा ताई आल्या. त्यांनी मला दोन्ही हातांनी ओढून पाहिलं आणि विचारलं, "टोचणार तर नाही ना?"

"अहो, खांबाला काय टोचतंय?" दुकानदार म्हणाला.

"खांबाला नाही, माणसांना हवी आहे."

दुकानदाराने घाईघाईने मला कापून दिलं आणि पुढे एक शब्दही विचारला नाही.

ताई वाचनालयामागच्या हॉलमध्ये एक गट चालवतात. गटातली सगळी मोठी माणसं आहेत, कुणाच्या मिशा पिकलेल्या, कुणाला भाचरं झालेली. शिकायला आणि समजायला त्यांना इतरांपेक्षा जास्त वेळ लागतो, एवढंच. हॉलमध्ये ती कागदी पिशव्या करतात, गाणी म्हणतात, रुसतात, आणि आठवड्यातून एकदा बसने रोपवाटिकेत जातात. तिथे माती भरायची, बी लावायचं, पाणी घालायचं. बसस्टॉपवर जायला मोठा रस्ता ओलांडावा लागतो. माझं काम तिथे.

सगळ्यात पुढची निळी मूठ कप्तानची. कप्तान चणीने लहान, पण आवाज असा खणखणीत, की रस्त्याच्या कडेला येऊन तो "थांबा!" म्हणाला की भलतीच माणसंही जागच्या जागी थांबतात. त्याच्यामागची पिवळी मूठ गाणारीची. तिचं गाणं सकाळी सुरू होतं ते घरी जाईपर्यंत चालतं, आणि कडव्यांचा क्रम रोज निराळा. सगळ्यात शेवटची लाल मूठ भाऊसाहेबांची.

भाऊसाहेब उंचेपुरे, बोलायला मोजके. थोरल्या बहिणीकडे राहतात, तिला ते आक्का म्हणतात. आक्कांचा जीव या भावात असा अडकलेला, की त्याला कोपऱ्यावरच्या दुकानातही त्या एकट्याला जाऊ देत नसत. गटात पाठवायलाही त्या कशाबशा तयार झाल्या. आधी त्यांनी माझे टाके नखाने तपासले. मग भावाचा हात लाल मुठीवर दाबून म्हणाल्या, "भाऊ, दोरी सोडायची नाही. काहीही झालं तरी. सोडलीस तर बाहेर जाणं बंद. कळलं?"

"कळलं," भाऊसाहेब म्हणाले. आणि त्यांना एखादी गोष्ट कळली की ती कळली.

सगळ्यांना सवय लागावी म्हणून ताईंनी एक खेळ काढला होता. मला धरून हॉलभर फिरायचं. ताई मधेच घाबरल्यासारख्या ओरडायच्या, "सोडा! दोरी सोडा!" जो सोडेल तो बाद. सुरुवातीला सगळे फसले, मग एकही फसेना. ताई जितक्या जोरात ओरडत, तितके सगळे मला घट्ट धरत आणि हसून हसून लोळत. भाऊसाहेब तर एकदाही बाद झाले नाहीत. मला त्याचा केवढा तोरा होता!

तो दिवस आठवला की अजूनही माझे पीळ आवळतात. ताईंच्या मदतीला येणारा दादा तापाने घरी होता आणि ताई एकट्याच होत्या. रोपवाटिकेत भाऊसाहेबांच्या मिरचीला पहिली फुलं आली होती. त्यांनी ती सगळ्यांना दाखवली, माळ्याला तर दोनदा दाखवली. परतीच्या बसवर नवा चालक होता. नेहमीचा चालक माझं शेवटचं टोक खाली उतरेपर्यंत आरशात बघत थांबायचा. या नव्याला कुणी सांगितलेलं नव्हतं.

आमचा स्टॉप आला. ताई उतरल्या, मग कप्तान, गाणारी आणि मधली मंडळी उतरली. भाऊसाहेब पायरीवर पाऊल टाकणार, तेवढ्यात मागून एक बाई पिशव्या सावरत घाईने आल्या. भाऊसाहेब अदबीने बाजूला सरकले. बाई मला वर उचलून खालून वाकून उतरल्या, आणि फुस्स करून दार मिटलं.

दाराच्या दोन रबरी कडांमध्ये मी अडकले. लाल मूठ आत, बाकीच्या बाहेर, आणि बस हलली.

"सोडा!" ताई ओरडल्या. "दोरी सोडा!"

गाणारी खुदकन हसली. सगळ्यांनी मला जास्तच घट्ट धरलं. अहो, का नाही धरणार? हा तर त्यांचाच खेळ होता आणि त्यात ते आता पटाईत झाले होते.

"अरे, खरंच सोडा! खेळ नाही हा!" ताईंचा आवाज फाटला. पण खेळातही त्या हेच म्हणायच्या.

सगळे बसबरोबर चालायला लागले, मग पळायला लागले. कप्तानने जीव खाऊन "थांबा!" अशी आरोळी ठोकली. आयुष्यात पहिल्यांदा कुणी थांबलं नाही. ताई एका हाताने बसचा पत्रा बडवत होत्या, दुसऱ्या हाताने एकेकाची बोटं उकलत होत्या. एकाची उकलली की तो दुसऱ्या हाताने धरायचा. तेवढ्यात गाणारीचा पाय मुडपला. ती गुडघ्यावर पडली, फरपटली, पण पिवळी मूठ तिने सोडली नाही. मागचं चाक तिच्यापासून हातभर अंतरावर फिरत होतं.

धरून ठेवणं हे माझं काम, पण त्या घडीला मी तुटायला तयार होते. ताईंनी इतकी पक्की दोरी का घेतली, म्हणून मला त्यांचा रागसुद्धा आला. सगळा भार आता आतल्या एका मुठीवर होता.

आत नुसता गोंधळ चालला होता. कुणी चालकाला हाका मारत होतं, कुणी दार बडवत होतं, पण त्या गलक्यात नव्या चालकाला काहीच उमगेना. एक गृहस्थ भाऊसाहेबांच्या दंडाला धरून म्हणाले, "अहो, सोडा ना ती दोरी! बाहेर माणसं मरतील!"

"नाही. आक्का बाहेर जाऊ देणार नाही," भाऊसाहेब म्हणाले. मूठ त्यांच्या घामाने ओली झाली होती.

मग त्यांनी काचेला कपाळ लावलं आणि खाली पाहिलं. गाणारी रस्त्यावर होती. तिचं गाणं थांबलं होतं. ते गाणं थांबलेलं त्यांनी कधी ऐकलंच नव्हतं.

भाऊसाहेबांची बोटं एकेक करून उघडली.

मी दारातून निसटले आणि बाहेरची सगळी मंडळी एकमेकांच्या अंगावर ढासळली. गुडघे फुटले, पण सगळी धडधाकट होती. बस मात्र भाऊसाहेबांना घेऊन वळणापलीकडे गेली.

ताईंनी आक्कांना फोन केला. बाकीच्यांना रस्त्यावर सोडून त्या भाऊसाहेबांना शोधायला जाऊ शकत नव्हत्या. आक्का आल्या त्या दोन पायांत दोन वेगळ्या चपला घालून. "कुठंय माझा भाऊ?" एवढंच त्या पुन्हा पुन्हा विचारत राहिल्या. मी रस्त्याकडेला धुळीत पडले होते.

तेवढ्यात कप्तानने बोट दाखवलं. पुढच्या स्टॉपवर उतरलेले भाऊसाहेब मोठ्या रस्त्याच्या पलीकडच्या फुटपाथवरून चालत येत होते. एक हात कमरेशी होता आणि त्याची मूठ मिटलेली, जणू मी अजून तिच्यातच आहे. मधे गाड्या सुसाट धावत होत्या.

आक्कांनी हाक मारायला तोंड उघडलं. ताईंनी त्यांचा हात पकडला. "हाक मारू नका, आक्का. तुमचा आवाज ऐकला तर तसाच धावत सुटेल."

आक्कांनी स्वतःच्या तोंडावर हात दाबून धरला.

भाऊसाहेब कडेला आले. त्यांचे ओठ हलले. आवाज पोहोचला नाही, पण शब्द कुठला ते आम्हा सगळ्यांना कळलं. ते थांबले. इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. एक ट्रक गेला. पुन्हा पाहिलं. मग मिटली मूठ तशीच ठेवून, घाई न करता, त्यांनी तो रस्ता ओलांडला.

आक्कांसमोर येऊन त्यांनी मान खाली घातली. "आक्का, मी दोरी सोडली. ही पडली होती म्हणून," गाणारीकडे बोट दाखवत ते म्हणाले.

आक्कांनी त्यांना कवटाळलं आणि रडत रडत पाठीवर दोन धपाटेही घातले. मग ताईंना म्हणाल्या, "बास झालं. आता हा कुठेही येणार नाही."

त्यानंतर आम्ही जायचो तेव्हा लाल मूठ फुटपाथवरून घासत यायची. ताईंनी तो खेळ कायमचा बंद केला. आता "सोडा" म्हणजे सोडा, हे त्या गटाला नव्याने शिकवत होत्या. तिकडे भाऊसाहेबांच्या मिरच्या पिकून लाल झाल्या. कप्तानने त्या तोडल्या, कागदी पिशवीत भरल्या आणि बसमधून उतरल्यावर हॉलकडे वळायच्या ऐवजी आम्हा सगळ्यांना थेट आक्कांच्या दारात नेलं.

"थांबा!" तो दारात ओरडला. आक्का दचकून बाहेर आल्या.

"भाऊच्या मिरच्या आहेत," कप्तान पिशवी पुढे करत म्हणाला. "तो का येत नाही?"

आतून भाऊसाहेबच म्हणाले, "मी दोरी सोडली ना."

"सोडली म्हणून तर मी उठले," गाणारी म्हणाली आणि तिने गुडघ्यावरचा व्रण दाखवला.

आक्का त्या व्रणाकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "पुढच्या वेळी तो येईल. पण मीपण येणार."

आणि आल्या. एका हातात लाल मूठ, दुसऱ्या हातात भावाचं मनगट. मोठ्या रस्त्याशी कप्तान "थांबा!" म्हणाला. रस्ता मोकळा झाला, तरी आक्कांचा पाय उचलेना.

"आक्का," भाऊसाहेब हळूच म्हणाले, "सोड."

आक्कांनी त्यांच्याकडे पाहिलं, मग रस्त्याकडे पाहिलं. त्यांचा सगळा थरकाप माझ्या अंगातून गेला. मग त्यांनी मनगट सोडलं.

आता मी जुनी झाले आहे आणि कप्तानशिवाय गटातलं कुणी मला फारसं धरत नाही. तुमच्या रस्त्यावर आम्ही दिसलो तर एवढं करा, आमचं शेवटचं टोक पलीकडे पोहोचेपर्यंत थांबा. आणि माझ्याशेजारून मोकळ्या हातांनी चालणारे उंच गृहस्थ दिसले, तर त्यांच्याकडे बघून हळहळू नका. लाल मुठीला दोन्ही हातांनी घट्ट धरून चालणाऱ्या म्हाताऱ्या बाईंकडे बघा. त्यांना अजून थोडा वेळ लागेल.