भाकरीकडं झुकलेला बोर्ड

माझं वजन अठ्ठ्याहत्तर किलो आहे. ते कधी कुणाच्या कामी येईल असं मला वाटलं नव्हतं.

माझी तेरा वर्षांची लेक तृप्ती घनसावंगीत कापसाच्या शेडमधल्या कोब्यावर स्केटबोर्ड चालवते. रविवारी जालन्याला जिल्ह्याची निवड होती. पाच पोरं घ्यायची होती. एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून गोल फिरत आठ-आठ शंकू न पाडता जायचं. बोर्ड माझ्या भाच्यानं, सुमितनं, पुण्याहून पाठवलेला. बुश नवे घातले होते. बुश म्हणजे चाकांच्या लोखंडी आसावर बसणारे रबरी गट्टू. ते दबले तर बोर्ड वळतो. सुमितनं ते स्वतःच्या अंगापिंडाच्या हिशोबानं घेतलेले आणि तृप्ती पस्तीस किलोची. ती वर उभी राहिली तर बुशांना माशी बसल्यासारखं व्हायचं. नट सैल केला की बोर्ड लटपटायचा, आवळला की नाकासमोर चालायचा.

"जड माणसानं रोज तुडवले की नवे बुश नरम पडतात म्हणे," तृप्ती मोबाइलमध्ये बघून म्हणाली, आणि मग माझ्याकडं बघत राहिली.

"बघती काय? सरळ बोल."

"आई, तूच."

आठवडा होता हातात. नुसतं बोर्डावर डुलत बसायला मला कुठला वेळ? मी ओट्यापुढं गोणपाट टाकलं, म्हणजे चाकं पळायची नाहीत, त्यावर बोर्ड ठेवला आणि वर उभी राहून भाकऱ्या थापायला लागले.

सासूबाई द्वारकाबाई दारातच थबकल्या. "शालू, देवानं दिलेली जमीन पुरत न्हाई का तुला?"

"आत्याबाई, पोरीची निवड हाय."

"मंग पोरीला चढव. तू कशाला घोड्यावर बसून राह्यली?"

दोन्ही वेळच्या मिळून बावीस भाकऱ्या. पहिले दोन दिवस बुश कुईकुई करायचे, तिसऱ्या दिवशी गप्प झाले. मी खुश.

शनिवारी सकाळी तृप्तीनं शेडमध्ये चालवून पाहिला. उजवीकडं बोर्ड असा वळला की मी टाळीच वाजवली. डावीकडं वळायलाच तयार नाही. पोरगी सरळ कापसाच्या ढिगात.

लागलं काही नाही. तिनं पान्यानं नट काढून बुश माझ्यापुढं धरला. एक बाजू चपटी, दुसरी कोरी करकरीत. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. भाकरी थापताना बाई पुढं झुकते, सगळा भार चवड्यांवर. आठवडाभर मी ओट्याकडचीच कड दाबली होती. बोर्डाला भाकरीकडं वळायची सवय लागल्ती.

"वाटोळं केलं आई तू माझं," ती हळूच म्हणाली. ओरडली असती तर बरं झालं असतं.

घरी येऊन मी बोर्ड उलट्या तोंडानं ठेवला. आता कोरी कड ओट्याकडं. पण आठवड्याचं काम एका दिवसात करायचं, आणि भाकऱ्या खायला घरातली तोंडं पाचच. शेजारच्या आशाबाईकडं गेले.

"आज तुमच्या भाकऱ्या मी करते."

आशाबाईनं माझ्या कपाळाला हात लावला. "ताप हाय का?"

दुपारपर्यंत गल्लीतल्या सहा घरांचं पीठ आलं. एकीनं तर निरोप धाडला, पाव्हणे येऊन राह्यले, चार जास्त टाक. आत्याबाई तव्याशी बसून भाजत होत्या. दर दहा भाकऱ्यांनी तृप्ती मला खाली उतरवायची, बोर्ड हातानं दाबून बघायची आणि नट पाव फेरा इकडं, पाव फेरा तिकडं करायची.

साठाव्या भाकरीला माझा गुडघा बोलला. मी खाली बसले.

आत्याबाईंनी पदर खोचला. "सरक."

"पडताल तुम्ही."

"चाळीस वर्षं या घरात उभी हाय. पडले का?"

ओट्याला धरून त्या चढल्या. त्यांचं वजन माझ्याहून चार किलो जास्त आहे, पण ते आमच्या घरात कुणी बोलत नाही. बुश एकदाच कुईं करून दबले.

जालन्यात तृप्तीच्या आधी अकरा पोरं झाली. तिनं उजवीकडचे आठही शंकू न पाडता पार केले. डावीकडं निघाली तशी मी कठड्याबाहेर आपोआप टाचांवर रेलले, जणू माझ्याच वजनानं बोर्ड वळणार होता.

"ताई, पडताल हं," शेजारची बाई म्हणाली.

सातव्या शंकूला चाक घासलं. शंकू डुलला, डुलला आणि थांबला. आठवा तिनं सफाईनं पार केला.

नावं वाचायला लागले. चार झाली, त्यात ती नव्हती. पाचवं, "तृप्ती बद्रीनाथ..." आडनाव मला ऐकूच आलं नाही. पोरगी कठड्यावरून उडी मारून माझ्या अंगावर आली आणि आम्ही दोघी धप्पकन खाली.

"म्हणलं न्हवतं मी?" ती बाई म्हणाली.