तळ्याच्या वाटेवरचं फाटक

मित्रांनो, मी एक लोखंडी फाटक आहे. फाटक म्हणजे उभी राहणारी वस्तू, हे तुम्हाला कुणी शिकवायला नको. मी मात्र सध्या जमिनीवर आडवा पडलोय. माझ्या गजांमधून काटेरी झुडपं वर आलीत आणि सरडे माझ्या अंगावर ऊन खात बसतात. असं का झालं ते सांगतो. गोष्ट काही गोड नाही.

ऑस्ट्रेलियाच्या पोटात, जिथून सकाळी निघालं तर गावात पोचेपर्यंत दुपार होते, तिथे या रानाचा मालक क्लेम, त्याच्या बापाने मला उभं केलं. बोअरच्या जुन्या पाइपांचे तुकडे जोडून गावातल्या लोहाराने मला बनवलं होतं, म्हणून मी हवा त्यापेक्षा जरा जडच झालो. माझ्या एका बाजूला गुरांचं रान, दुसऱ्या बाजूला मिठाच्या तळ्याकडे जाणारी वाट. तळं आपलं म्हणायचं. त्यात पाणी नसतंच. नजर पोचेल तिथवर पांढरंफेक मीठ. कधीतरी, पोरं मोठी होऊन त्यांना पोरं होतील इतक्या काळाने, दूर उत्तरेकडे मोठा पाऊस पडतो. मग इथलं आभाळ कोरडं ठाक असतानाही ओढ्यातून पाणी चालत येतं आणि तळं भरतं.

क्लेम लहानपणी माझ्यावर लोंबकळून झोके घ्यायचा आणि त्यापायी बापाचे रट्टे खायचा. पुढे त्याची मुलगी ग्वेन तेच करायला लागली, तेव्हा त्याने तिला रट्टे दिले नाहीत. उलट स्वतः ढकलून झोका दिला. तेव्हापासून माझं एक बिजागर वाकलंय. तक्रार नाही.

तळं बघायला शहरातले पाहुणे येऊ लागले, तेव्हा क्लेमने माझ्यावर पत्र्याची पाटी लावली. अक्षरं त्यानेच रंगवली, थोडी तिरकी: "फाटक जसं दिसेल तसंच ठेवून जा." आमच्याकडे हा सगळ्या रानांचा कायदाच आहे. उघडं दिसलं तर उघडं सोडायचं, लावलेलं असलं तर जाताना परत लावायचं.

घरच्यांची मात्र आणखी एक रीत होती आणि ती पाटीवर नव्हती. टेकड्यांपलीकडे रेडिओ पोचत नाही, फोनचं तर नावच नको. म्हणून घरचं माणूस तळ्याकडे गेलं की मला उघडं टाकायचं आणि साखळी खांबावर अडकवायची. परतताना लावून घ्यायची. फाटक उघडं म्हणजे आपलं माणूस अजून आत आहे. ही रीत क्लेमच्या आईने पाडली, कारण तिचा नवरा एकदा तळ्याच्या चिखलात अडकून पडला होता आणि कुणाला पत्ताच नव्हता. "एखादं वासरू आत शिरलं तरी चालेल, माणूस विसरायला नको," असं ती म्हणायची. मला या कामाचा फार अभिमान होता.

त्या वर्षी उत्तरेत पाऊस झाला. पाणी निघाल्याची बातमी सगळीकडे पसरली आणि एके सकाळी नेविल आणि बेरिल हे शहरातलं म्हातारं जोडपं माझ्यापाशी येऊन थांबलं. बेरिलने खाली उतरून पाटी मोठ्याने वाचली.

"लावलेलं आहे हं नेविल, लक्षात ठेव. येताना लावायचं."

"तू आहेस ना लक्षात ठेवायला. माझ्या डोक्यात जागा कुठे ठेवलीस?"

दोघं आत गेली आणि मला नीट लावून गेली. त्यांच्या मागून थोड्या वेळाने क्लेमचा पिकअप आला. मागे पिप कुत्रा उभा. कुंपण दुरुस्त करून ग्वेनही मोटारसायकलवरून तिथेच आली.

"बाबा, आज नको जाऊस. उद्या मी रिकामी आहे, दोघं जाऊ. पाणी काय पळून चाललंय?"

"उद्या ते येऊन बसलेलं असेल. तसं तर फोटोतही दिसतं. येताना बघायचं असतं गं पोरी. मिठावरून हळूहळू पुढे सरकतं, आणि पुढे फेसाची बारीक कड. मी एवढासा असताना पाहिलंय. पुढच्या खेपेला मी असेन का?"

"झालं तुझं सुरू! दर वर्षी मरतोस तू."

"बघून आलो की पश्चिमेच्या टाकीवर जातो, पंप कुरकुरतोय."

"आणि फाटक?"

"उघडं टाकतोय, माझे आई! तुझ्या आजीने एवढं तरी शिकवलंय मला."

ग्वेन हसत निघून गेली. क्लेमने मला उघडलं, साखळी खांबावर अडकवली आणि तोही गेला.

दुपारी नेविल आणि बेरिल परत आले. आत तळ्याकडे वाटा अनेक फुटतात, त्यामुळे त्यांची क्लेमशी गाठ पडलीच नव्हती. बेरिल हिरमुसली होती. "एवढ्या लांब येऊन नुसतं मीठच बघितलं!" नेविलने गाडी माझ्याबाहेर काढली आणि थांबवली.

"हे उघडं कसं?"

"कुणीतरी निष्काळजी. आपण आलो तेव्हा लावलेलं होतं ना?"

"होतं की."

"मग लाव. जसं दिसलं तसं."

नेविलने माझी वाकलेली बाजू खांद्याने उचलली, साखळी घातली आणि दोनदा ओढून बघितली. इतक्या काळजीने मला कधी कुणी लावलं नव्हतं. मित्रांनो, मी ओरडलो असतो. पण फाटकाचं नुसतं बिजागर करकरतं.

त्यानंतर ग्वेनची गाडी धुरळा उडवत आली. ओढ्याच्या वरच्या अंगाच्या शेजाऱ्याने रेडिओवर कळवलं होतं की पाणी अंदाजापेक्षा लवकर येतंय, संध्याकाळच्या आत तळ्याची वाट तुटेल. तिने लांबूनच मला पाहिलं. लावलेला, साखळी जागेवर. तिने मोठा सुस्कारा सोडला.

"आला म्हणजे बाबा. सुटले!"

गाडीतून न उतरताच ती पश्चिमेच्या टाकीकडे वळली. माझ्यावर झोके घेऊन वाढलेली पोर ती, माझ्यावर अविश्वास का दाखवेल? टाकीवर बाप नव्हता, तेव्हा घरी गेला असेल असं तिला वाटलं. तो घरीही नाही हे कळलं, तोवर वाट पाण्याखाली गेली होती.

उजाडताच ती माझ्यापाशी आली. माझ्या आतल्या बाजूला पिप बसला होता, चिखलाने माखलेला, थरथरत. माझ्याखालून तो सहज सरपटून बाहेर आला असता. पण लावलेल्या फाटकापाशी थांबायचं, हे त्याला क्लेमनेच शिकवलं होतं. ग्वेनने कुत्र्याकडे पाहिलं, मग साखळीकडे. ती साखळी दोन्ही हातांत धरून खाली बसली.

पाणी ओसरल्यावर सगळं कळलं. परत येताना वाट जिथे कोरडा ओढा ओलांडते, तिथल्या वाळूत क्लेमचा पिकअप रुतला होता. चालत निघाला असता तर वाचला असता. पण त्याला घाई नव्हती. फाटक उघडं होतं, ग्वेन येणारच होती. काठावरच्या झाडाला त्याचा चहा उकळायचा पत्र्याचा डबा टांगलेला सापडला, म्हणजे त्याने आधी निवांत चहा घेतला होता. मग तो खाली उतरून फावड्याने चाकं मोकळी करत बसला असणार. ज्या पाण्याची तो आयुष्यभर वाट बघत होता, ते त्याला तिथेच भेटलं.

तळं भरलं. पाणपक्ष्यांचे थवे उतरले. वाट सुकली तसे नेविल आणि बेरिल पुन्हा आले. ग्वेन माझ्यापाशीच उभी होती. तिची ओळख नसताना बेरिल बोलत सुटली.

"मागच्या खेपेला नुसतं मीठ होतं हो. आणि हे फाटक कुणीतरी सताड उघडं टाकून गेलं होतं! आम्हीच लावलं, आठवणीने. पाटीवर लिहिलंय ना तसं."

ग्वेन पाटीवरच्या तिरक्या अक्षरांकडे बघत राहिली. मला वाटलं, आता ती सगळं बोलून टाकणार.

"बरं केलंत," ती म्हणाली. "जा, पाणी छान दिसतंय."

ते गेल्यावर ती माझ्या खालच्या गजावर चढून जराशी उभी राहिली, लहानपणी राहायची तशी. मी करकरलो. मग तिने पाना आणून माझे बोल्ट काढले, मला जमिनीवर निजवलं आणि पाटी आपल्या गाडीत ठेवली.

आता या वाटेला फाटक नाही. वासरं आत शिरतात आणि ग्वेन त्यांना शिव्या देत बाहेर हाकते. तळ्याकडे गेलेल्या कुणालाही उशीर झाला की ती स्वतः आत जाते, हाका मारत. मी पडल्या पडल्या ऐकतो.

मित्रांनो, मला तेल घाला, रंग द्या, असं मी म्हणणार नाही. एवढंच मागतो, की आपलं माणूस कुठे आहे हे फाटकाला विचारू नका. गाडीतून उतरा, आत जा आणि त्याला नावाने हाक मारा.