इर्काची बाजू

लुत्सिना व्झोसेकने आपल्या जोडीदारणीचा चेहरा जितका पाहिला, त्याहून कितीतरी जास्त तिची पाठ पाहिली होती.

बॅडमिंटनच्या दुहेरीत असंच असतं. लुत्सिना उंच, मनगटात ताकद, म्हणून ती मागे. इर्मिना बुटकी आणि चपळ, म्हणून ती पुढे, जाळ्यापाशी. इर्मिनाचा खांदा नुसता कलला तरी लुत्सिनाला कळायचं, ही आता डावीकडे झेपावणार, उजवी बाजू आपली. बोलावं लागायचं नाही. सुवाल्की गावातल्या शाळेचा तो गळका हॉल, पिसांची शटल मिळायची मारामार. किटलीच्या वाफेवर जुनी शटल धरून दोघी त्यांची वाकलेली पिसं सरळ करायच्या आणि पुन्हा त्याच वापरायच्या. त्यावर त्या राष्ट्रीय विजेत्या झाल्या, आणि एकदाच नाही. गावात कुणी एकीचं नाव एकटं घेत नसे. लुशा आणि इर्का, इर्का आणि लुशा.

मग पंच्याऐंशी साल आलं. पश्चिम जर्मनीतल्या एका स्पर्धेत दोघी लवकर हरल्या. परतायच्या दिवशी सकाळी लुत्सिना अंघोळ करून खोलीत आली, तर इर्मिनाचा पलंग नीट आवरलेला. नाश्त्याला खाली गेली असेल, असं तिला वाटलं. खाली ती नव्हती. लुत्सिनाने तिच्यासाठी दोन पाव रुमालात बांधून घेतले. बस निघाली, सरहद्दी मागे पडल्या, तरी ते पाव तिच्या मांडीवर तसेच होते.

घरी आल्यावर चौकशी झाली.

"म्हणजे तुम्हाला काहीच माहीत नव्हतं?" अधिकाऱ्याने विचारलं.

"नव्हतं."

"एका खोलीत राहता. कोर्टावर एकमेकींच्या मनातलं न बोलता ओळखता, असं पेपरात छापून येतं. आणि ती तिकडे पश्चिमेत पळून जाणार हे कळलं नाही? आम्हाला काय शाळकरी पोरं समजता?"

तो बोलला त्यात लुत्सिनाला लागलं ते एवढंच की, बसमध्ये बसल्यापासून ती स्वतःला नेमकं हेच विचारत होती.

तिचा पासपोर्ट काढून घेतला गेला. प्रशिक्षकांनी तिला दुसऱ्या मुलींबरोबर खेळवून पाहिलं. मुली चांगल्या होत्या, पण लुत्सिना सवयीने इर्काची जागा सोडून उभी राहायची, आणि शटल नेमकं तिथे पडायचं. शेवटी एका हिवाळ्यात तिने रॅकेट कपाटावर टाकली, शाळेत खेळाची बाई म्हणून रुजू झाली आणि निवृत्त होईपर्यंत तिथेच राहिली. लग्नाचं एकदा जमत आलं होतं. ते मोडलं तेव्हा तिला वाटलं होतं त्यापेक्षा कमी दुःख झालं, आणि त्याचंच तिला वाईट वाटलं.

इर्मिनाची आई, आपोलोनियाबाई, समोरच्याच इमारतीत राहायची. मुलगी पळाल्यावर शेजाऱ्यांनी तिच्याकडे जाणं टाकलं. लुत्सिना जात राहिली. म्हातारी इर्काचं नाव काढत नसे, फक्त लुत्सिना निघाली की म्हणायची, "तू तेवढी सांभाळून जा गं." सरहद्दी मोकळ्या व्हायच्या आधीच ती गेली. मुलीला मातीला येता आलं नाही. शवपेटीमागे सगळ्यात पुढे लुत्सिना चालली, आणि तेव्हापासून ती कबर तिचीच झाली. पाला काढणं, दगड घासणं, नोव्हेंबरात शेवंती आणि दिवे. कुणी सांगितलं नव्हतं. जोडीतली एक जागेवर नसली की तिची बाजू दुसरीने सांभाळायची असते, एवढंच तिला ठाऊक होतं.

यंदाही सर्व संतांच्या सणाला, कबरींवर दिवे लावायच्या त्या दिवशी, ती दुपारीच दफनभूमीवर पोचली. फाटकाशी गेनोवेफाबाई शेवंतीच्या कुंड्या मांडून बसली होती.

"या मास्तरीणबाई! पांढरी की पिवळी?"

"पिवळी. दोन द्या."

"एक आईबापांना, एक त्या पळपुटीच्या आईला. नाही का? लोक स्वतःच्या माणसांना विसरतात, आणि तुम्ही परक्यांची धुणी धुताय."

"तुम्ही फुलं विका हो," लुत्सिना म्हणाली. "प्रवचन चर्चमध्ये ऐकते मी."

गेनोवेफाबाई खो खो हसली आणि कुंडी वर्तमानपत्रात गुंडाळून दिली.

आईवडिलांच्या कबरीवर दिवे लावून लुत्सिना बर्चच्या ओळीकडे वळली आणि जागीच थांबली. आपोलोनियाबाईच्या कबरीपुढे कुणीतरी पाठमोरं उभं होतं. उंची कोट, कापलेले पांढरे केस, कमरेत जराशी वाकलेली बाई. ती दिव्यासाठी खाली वाकली, आणि वाकताना तिचा डावा खांदा कलला.

"इर्का," लुत्सिना म्हणाली. आवाज तिचा तिलाच ओळखू आला नाही.

बाई वळली. चेहरा अनोळखी होता. सुरकुतलेला, चष्मा लावलेला, थकलेला. मग तो रडायला लागला तेव्हा ओळखीचा झाला.

दोघी लुत्सिनाच्या घरी आल्या. चौथा मजला, लिफ्ट नाही. इर्मिना प्रत्येक जिन्यावर थांबत होती. लुत्सिनाने कार्ताचे गरम केले, बटाट्याचे ते मटण भरलेले मोठे गोळे, वर तळलेला कांदा. काचेच्या पेल्यात लिंबाचा चहा ठेवला. इर्मिनाने पहिला घास घेतला आणि डोळे मिटले.

"तिकडे कुणाला जमत नाही हे. मी करते ते फुटतात."

"बटाटा जुना घ्यावा लागतो," लुत्सिना म्हणाली.

आणखी काही वेळ बटाट्यावरच बोलणं झालं. मग इर्मिना म्हणाली, "मी याआधी दोनदा आले होते, लुशा."

लुत्सिनाने काटा खाली ठेवला.

"सरहद्द उघडल्यावर एकदा, आणि नंतर एकदा. कबर पाहिली. स्वच्छ होती, दिवा जळत होता. मी फाटकावर विचारलं, कोण करतं हे? त्यांनी तुझं नाव सांगितलं. मग मी तुझ्या दारापर्यंत यायची हिंमतच केली नाही. तशीच परत गेले."

"बेल वाजवायची होतीस."

"काय तोंड घेऊन वाजवणार?"

"हेच घेऊन. दुसरं कुठून आणणार होतीस?"

इर्मिना हसली, आणि लगेच गंभीर झाली. "त्या सकाळचं मी तुला सांगितलं नाही, कारण तुला खोटं बोलता येत नाही. तुझे कान लाल होतात. त्यांनी विचारलं असतं, तू अडकली असतीस."

"मी अडकलेच."

"ठाऊक आहे. आता ठाऊक आहे."

"मला चल म्हणायचं होतंस."

"आली असतीस?"

लुत्सिनाने खिडकीबाहेर पाहिलं. दूर दफनभूमीवर दिव्यांचा तांबूस उजेड पसरला होता. "नसते आले," ती म्हणाली. "आई होती. पण विचारायचं होतंस. नाही म्हणायची संधी तरी माझी होती."

चहा निवत गेला. मग, जणू काही देऊन टाकावं म्हणून, इर्मिना घाईने म्हणाली, "हे बघ, तू आता कबरीची काळजी करू नकोस. मी इथल्या एका कंपनीशी बोलून ठेवलंय. ते दर महिन्याला साफसफाई करतील, सणाला फुलं ठेवतील. पुष्कळ केलंस तू. आता सुटलीस."

लुत्सिना उठली. तिने दोन्ही बशा उचलल्या, मोरीत ठेवल्या, नळ सोडला आणि पाठमोरीच म्हणाली, "पुन्हा."

"काय पुन्हा?"

"पुन्हा न विचारता ठरवलंस." ती वळली. तिचे कान लालभडक झाले होते. "माझ्याकडे काय आहे, इर्का? शाळा संपली. पोरं मोठी होऊन गावाबाहेर गेली, रस्त्यात भेटली तरी ओळखत नाहीत. वर्षात एक दिवस मी बादली घेऊन निघते आणि मला कुठे जायचंय हे ठाऊक असतं. तेवढं तू काढून घेतेस, आणि वर सुटलीस म्हणतेस!"

इतकं मोठ्याने ती कित्येक वर्षांत बोलली नव्हती. शेजारच्यांचा टीव्ही थांबल्यासारखा वाटला.

इर्मिनाने ओल्या बशांकडे पाहिलं. "मी उद्या फोन करून नको म्हणून सांगते," ती हळूच म्हणाली. आणि मग, प्रत्येक शब्द चाचपत, "पुढच्या वर्षी सणाला मी येऊ का? तुझ्याबरोबर? मी विचारतेय."

"सांगते," लुत्सिना म्हणाली. "लगेच नाही. विचार करून सांगते."

दुसऱ्या दिवशी बसथांब्यावर तिने इर्मिनाची बॅग चढवून दिली. दोघींनी मिठी मारली. मिठीत लुत्सिनाला नवल वाटलं, कोर्टावर इतकी वर्षं एकत्र काढली, आणि ही माझ्या खांद्यालाही लागत नाही हे कधी जाणवलंच नव्हतं. बस वळणावर दिसेनाशी झाली. परतताना तिने गेनोवेफाबाईला टाळायला मागच्या रस्त्याने घर गाठलं.

नोव्हेंबर तसाच गेला. ती पाव आणायला जायची, यायची, संध्याकाळी दिवा लावून बसायची. टेबलापाशी आता दोन खुर्च्या ओढलेल्या राहायच्या. दुसरी आत सारायला तिचा हात होत नव्हता. बर्फ पडायला लागला. एका रविवारी चर्चहून आल्यावर तिने कोटही न काढता फोन लावला.

"ये," ती म्हणाली.

पलीकडून नुसता श्वास ऐकू आला. मग, "बरं."

त्यापुढे काय बोलायचं ते दोघींनाही सुचेना. कोर्टावर कधी बोलावं लागलं नव्हतं, आणि बाकीचं आयुष्य बोलण्यात गेलंच नव्हतं. फोन कानाला धरून दोघी तशाच राहिल्या. तिकडे कुठेतरी घड्याळाचे ठोके पडले.

"बरं, ठेवते हं," लुत्सिना म्हणाली. "गॅसवर सूप आहे."

तिने फोन ठेवला. गॅसवर काहीच नव्हतं. कोट अंगावर तसाच ठेवून ती उठली आणि पातेल्यात पाणी भरायला लागली.