तापलेला नमुना

दादाची बोटं आखडत चालली होती. आमच्या घरातला हा पिढीजात आजार. एक प्रथिन बिघडतं आणि सांधे धरतात. डॉक्टर म्हणाले, बोटांचे सांधे शस्त्रक्रियेने कायमचे जखडून टाकू, निदान दुखणं थांबेल. दादा नाही म्हणाला. तो माझ्या जिवावर नाही म्हणाला.

कारण मी त्याच प्रथिनावर काम करते. मोठ्या चुंबकात नमुना ठेवायचा, रेडिओलहरींचे ठोके द्यायचे आणि रेणूचा कुठला भाग हलतोय ते संकेतांवरून ओळखायचं. ठोके वाढवले की हलणाऱ्या भागाचा संकेत जास्त टिकतो. माझा आलेख अगदी तसाच आला. प्रथिनात एक खाच उघडमीट करत होती, म्हणजे औषध शिरायला जागा होती. औषधाचा अजून पत्ता नव्हता, पण मी दादाला "थांब" म्हणून मोकळी झाले.

मागच्या आठवड्यात प्रयोगशाळेतल्या सरांनी रेणूच्या बाकीच्या भागांचे आलेख मागितले. ते मी धड पाहिलेच नव्हते. खाच सापडल्यावर कोण कशाला पाहतंय! आता उघडले. सगळेच संकेत तसे वागत होते, जे भाग घट्ट बसलेले असतात तेसुद्धा. ठोके वाढले की नमुना तापतो. तापला की रेणू भराभर गरगरतो आणि संकेत आपोआप जास्त टिकतो. म्हणून ऊब दर वेळी सारखी राहील असे भरपाईचे ठोके द्यायचे असतात. ते मी दिलेच नव्हते. दुसऱ्या कुणी ही चूक केली असती तर मी त्याची सालटी काढली असती.

भरपाई घालून परत मोजलं. रेष सपाट आली.

घरी दादा खिडकीशी बसला होता. "काय गं, तोंड पाडून का आलीस? चुंबक चावला?"

मी सगळं सांगितलं. सांगताना रडू आलं, स्वतःचा भयंकर राग आला.

"म्हणजे खाच नाहीच?"

"मला दिसली ती नव्हती, दादा."

त्याने आपली बोटं उलटसुलट करून पाहिली. मग म्हणाला, "डॉक्टरांना फोन लाव. बोटं सरळ जखडायची की वाकडी, ते आधी विचारतात. मग जन्मभर तशीच."

"तुला कशी हवीयत?"

"थोडी वाकडी," दादा म्हणाला. "चहाचा कप धरता येईल एवढी."