केबल काढून बघा

मी बोलतोय. कोण म्हणून काय विचारता? ॲप बनवणाऱ्या एका कंपनीतला चाचणीचा फोन. माझ्या पाठीवर 'टेस्टिंगचा आहे, नेऊ नये' अशी चिठ्ठी डकवलेली होती. तडकलेली काच बघून मला कोण नेणार होतं म्हणा, पण कंपनीत शिस्त फार.

कारखान्यातून निघालो तेव्हा वाटलं होतं, कोणाच्या तरी खिशात बसून जग बघेन. नशिबात आलं टेबल. तिथे मला केबलने कॉम्प्युटरला बांधलं, दावणीला गाय बांधावी तसं. गाईला निदान पाण्यावर तरी सोडतात.

त्या टेबलावर एक ताई काम करायची. तिचे बाबा शिंपी. दुकान विकून किती वर्षं झाली, पण आताशा त्यांना ते आठवत नसे. दुकान उघडायला म्हणून निघायचे आणि घरची वाट विसरायचे. म्हणून ताईने एक ॲप बनवायला घेतलं. फोन बाबांच्या खिशात, आणि बाबा गल्लीबाहेर पडले की तिच्या फोनवर घंटा. साहेबांना ही कल्पना इतकी आवडली की आठवडाभरात ती त्यांचीच झाली.

चाचणी म्हणजे काय, तर मी टेबलावरच, आणि कॉम्प्युटरच्या नकाशावरचा माझा ठिपका हाताने गल्लीबाहेर सरकवायचा. घंटा वाजायची, टाळ्या पडायच्या. खुर्चीवरून न उठता इतक्या गल्ल्या ओलांडणारी माणसं मी दुसरीकडे पाहिली नाहीत.

एकदा ताई म्हणाली, "साहेब, बाहेर फिरवून बघते."

"कशाला उन्हात जातेस? माझ्याकडे तर चालतंय," साहेब म्हणाले. "तू सरळ बाबांनाच देऊन टाक. तीच चाचणी."

'माझ्याकडे चालतंय' म्हटलं की चूक लाजून निघून जाते, अशी या ऑफिसची श्रद्धा आहे.

खरं तर आम्हा फोनांचा स्वभाव सगळ्यांना ठाऊक असतो. चार्जिंग चालू असेल तोवर आम्ही उदार. केबल सुटली आणि पडदा विझला की आम्ही पक्के कंजूष. आतली ॲपं एकेक करून झोपवून टाकतो. पण हे दिसायला केबल काढावी लागते, आणि मग बॅटरी उतरते ना!

अशा रीतीने मी बाबांच्या सदऱ्याच्या खिशात आलो. शेजारी मोजपट्टी होती. जग बघायचं स्वप्न पुरं झालं म्हणून मी खूश होतो. बाबांनी गल्ली ओलांडली. ॲप माझ्या पोटात गाढ झोपलेलं. तिकडे ऑफिसात ठिपका घरातच दिसत होता, आणि साहेब म्हणे तो पाहुण्यांना कौतुकाने दाखवत होते.

भर रस्त्यात बाबा थांबले. कुठे वळायचं ते आठवेना. दोन्हीकडून हॉर्न वाजू लागले. मी एवढा बोलका, पण मला साधं ओरडताही येईना.

शेवटी पाय नेतील तिकडे ते गेले, आणि पायांनी बरोबर दुकानाशी नेलं. तिथे आता मोबाइलचं दुकान आहे. काचेत माझे चकचकीत भाऊबंद बसलेले.

"माझं मशीन कुठे ठेवलंस?" बाबांनी दुकानदाराला विचारलं. "गिऱ्हाईक येईल आता."

तो हसला नाही. खुर्ची पुढे करत म्हणाला, "बसा काका. घरी कोण असतं?"

"मुलगी आहे. शाळेत गेली असेल."

दुकानदाराने मला हळूच खिशातून काढलं आणि बटण दाबलं. पडदा उजळला, ॲप दचकून जागं झालं आणि तिकडे ताईच्या फोनवर घंटा वाजली. ड्युटीवर डुलकी लागलेल्या पहारेकऱ्यासारखी, जरा जास्तच जोरात.

ताई धापा टाकत आली. बाबांनी तिची बाही चिमटीत धरली. "उसवलीय बघ. बरं झालं दुकानात आलीस."

ताईने मान वर केलीच नाही.

दुसऱ्या दिवशी तिने मला साहेबांच्या खिशात घातलं. "जरा चक्कर मारून या." तेव्हापासून ॲपमध्ये काहीही बदललं की आधी साहेबांची चक्कर होते. ॲप आता खिशातही जागं राहतं आणि साहेबांचं पोटही उतरलंय.

माझी काच आणखी तडकलीय, पण तक्रार नाही. फक्त एक विनंती आहे. कोणी छाती पुढे काढून 'माझ्याकडे तर चालतंय' म्हणालं, तर वाद घालू नका. केबल लावलेली आहे का, एवढंच विचारा.