घरातले दोन जॉकी

"नुसता बर्फ चघळून घोडं पळवणार आहात का?" बायकोनं विचारलं, तेव्हा जॉकी खिडक्या लावून, रबरी कोट घालून, वर दोन ब्लँकेटं पांघरून खोलीच्या मधोमध बसला होता. वजन उतरवायचं होतं. घामाच्या धारा लागल्या होत्या.

"पळतं घोडं. मी नुसता बसतो," तो म्हणाला आणि हसला. गालफडं इतकी बसली होती, की तिला ते हसू बघवेना.

गल्लीत सगळे त्याला जॉकीच म्हणत. खरं नाव कुणाला ठाऊक नव्हतं. पुढे मुलगी रेडिओवर लागली, तीही जॉकी झाली, आणि दारात येऊन कुणी "जॉकी आहेत का?" म्हटलं की बायको विचारी, "कोणता? घोड्यावरचा की तोंडाळ?"

"बाबा, माझ्या धंद्यात निदान हाड मोडत नाही," मुलगी म्हणे.

"जिभेला हाडच नाही, मोडणार काय!" बाप म्हणे.

आज मात्र कुणी थट्टा केली नाही. मुलगी कामावर जाताना दारात उगाच रेंगाळली आणि मग गेली. आजची घोडी बिथरणारी होती. सरावात तिनं एकाला कठड्यावर फेकलं होतं. तरण्या जॉकींनी कानाला खडा लावला, तेव्हा ट्रेनरला हा म्हातारा आठवला.

"ते नाही म्हणाले, ते काय वेडे म्हणून?" बायको म्हणाली.

"त्यांना पुढे ढीगभर शर्यती आहेत. मला आता कोण विचारतंय? आणि घोडी वाईट नाही गं, घाबरट आहे. तिला माणूस कळला की झालं."

तो उठला आणि चौकट धरून डोळे मिटून उभा राहिला.

"काय झालं?"

"काही नाही. बूट शोधतोय."

बूट त्याच्या पायांपुढेच होते. 'नका जाऊ' हे शब्द तिच्या ओठांवर आले. पण जन्मभर कधी म्हटलं नव्हतं, आजच कशाला, म्हणून तिनं ते गिळले.

शर्यत बघायला ती कधीच जात नसे. दुपारी मुलीचा कार्यक्रम लावून ती कपड्यांच्या घड्या घालत बसली. मुलीची टकळी नेहमीसारखी चालू होती. एक गाणं संपलं आणि लगेच दुसरं लागलं. मग तिसरं. मधे कुणी बोललंच नाही. पाणी प्यायला गेली असेल, तिनं मनाची समजूत घातली. तेवढ्यात एका परक्या पुरुषाच्या आवाजानं वेळ सांगितली.

तिनं हातातला शर्ट खाली ठेवला आणि पायांत चपला सरकवल्या. शेजारीण धावत आली, तेव्हा ती दाराला कुलूप लावत होती.

"वहिनी, तुम्हाला कुणी सांगितलं?"

"कुणी नाही. कुठल्या दवाखान्यात नेलंय, तेवढं सांग."

दवाखान्यात मुलगी खाटेशी उभी होती. बातमी आधी स्टुडिओत आली होती, तिच्याच हातात. भिंतीशी ट्रेनर होता, कपडे मातीनं भरलेले.

"काय करतात हे?" नर्सनं विचारलं.

मुलीनं आईकडे पाहिलं.

"जॉकी," आई म्हणाली.

"हो का? कुठल्या स्टेशनवर?"

"घोड्यावरचे."

नर्सनं चादरीखालच्या निश्चल पायांकडे पाहिलं आणि कागदावर लिहून घेतलं.

ट्रेनरनं दोघी मायलेकींना बाजूला घेऊन सांगितलं. वळणावर घोडी कोसळली, पुढचे दोन्ही पाय मोडले. आडोसा करून तिला तिथंच सुई देऊन कायमचं झोपवावं लागलं.

संध्याकाळी त्यानं डोळे उघडले. बायकोकडे पाहिलं, मुलीकडे पाहिलं.

"घोडी?"

ट्रेनर खिडकीबाहेर बघू लागला. आईनं पदर तोंडाशी नेला. मुलगी त्याच्या कानाशी वाकली.

"उठली, बाबा. आपल्या पायांनी तबेल्यात गेली." आवाज जराही हलला नाही.

"म्हटलं ना, नुसती घाबरट आहे." त्याची नजर ट्रेनरला शोधत फिरली. "साहेब, रागावू नका तिच्यावर."

"नाही रागावत," ट्रेनर म्हणाला, आणि हातातली टोपी गोल गोल फिरवत तसाच उभा राहिला.